डागडुजीची बाजू

जुन्या वस्तूला पुन्हा वापरात आणण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. डागडुजी आहे, दुरुस्ती आहे, नूतनीकरण आहे. देवळांसाठी जवळजवळ राखून ठेवलेला जीर्णोद्धार आहे. आणि या सर्वांच्या पलीकडे कायापालट आहे. गेल्या काही वर्षांत घरासंबंधी जे काही लिहिले-बोलले जाते त्यात मात्र यांतला शेवटचा शब्दच, तोही 'मेकओव्हर' हे नाव धारण करून, उरलेला दिसतो. जुने कपाट घ्यावे, त्याला पांढरा किंवा मोरपंखी रंग द्यावा, मुठी बदलाव्यात, आधीचे आणि नंतरचे अशी दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवावीत, आणि हे सगळे किती स्वस्तात झाले ते सांगावे, असा या लेखनाचा साचा ठरून गेला आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत तो होताच; आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवरही तो आहे.

आम्ही दोघे मराठी शिकवतो. सुतारकाम हा आमचा विषय नव्हे. परंतु पुण्याच्या जुन्या बाजारात आधी पुस्तकांसाठी आणि मग संसारासाठी आम्ही अनेक वर्षे हिंडलो आहोत, आणि दोघांच्याही घरात बसण्या-लिहिण्याचे बहुतेक सामान दुसऱ्यांनी वापरून सोडलेले आहे. त्या अनुभवावरून आमचे म्हणणे असे, की ज्याला आज कमी खर्चातला कायापालट म्हटले जाते तो बहुधा कमी खर्चाचा नसतो, आणि जुन्या लाकडी सामानाच्या बाबतीत तो पुष्कळदा पुढची दुरुस्ती अवघड करून ठेवतो. डागडुजी ही निराळी गोष्ट आहे. चांगली झाली तर ती दिसत नाही. दिसत नसल्यामुळे तिचे छायाचित्र निघत नाही, आणि छायाचित्र निघत नसल्यामुळे तिच्या वतीने कोणी बोलत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक साधी सागवानी खुर्ची घेऊ. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, हातांची, वेताच्या बैठकीची. सरकारी कचेऱ्यांत आणि शाळा-महाविद्यालयांत अशा खुर्च्या एके काळी डझनांनी असत. तिच्या आडव्या पट्ट्यांची टोके तासून त्यांना कुसू काढलेले असते. पायात तेवढ्याच मापाची खाच असते. कुसू खाचेत सरसाने बसवलेले असते आणि कधीकधी आरपार एक लाकडी खुंटी मारलेली असते. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला डिंक. त्याचा स्वभाव असा, की उष्णता आणि ओलावा मिळाला की तो मऊ होतो. चार-पाच दशकांच्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत तो वाळून भुगा होतो, खुर्ची डुगडुगू लागते, आणि घरातले लोक तिला मोडकी म्हणू लागतात. आमच्या ओळखीच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे अशी एक खुर्ची नेली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि म्हणाले, "सर, ही मोडली नाही. सुटलीय नुसती."

मोडणे आणि सुटणे यांतला हा भेद आम्हांला व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात इतका स्वच्छ मिळाला नव्हता. मिस्त्रींनी पुढे काय केले ते सांगण्यासारखे आहे, कारण त्यात जादू काहीही नाही. फडके गुंडाळलेल्या ठोकणीने त्यांनी एकेक सांधा हलकेच ठोकून उघडला. ऊन पाण्याने जुना सरस धुऊन काढला. दोन कुसवे झिजून सैल झाली होती, त्यांच्या अंगाला लाकडाच्या कागदाएवढ्या पातळ चिपा चिकटवून ती पुन्हा खाचेच्या मापाची केली. मग नवा लेप लावून सगळी खुर्ची परत जुळवली, तिच्याभोवती सुती दोर गुंडाळला आणि त्या दोरात एक दांडकी घालून पीळ दिला. पीळ बसेल तसे सांधे आवळत गेले. बैठकीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजून चौकट काटकोनात आहे की नाही ते पाहिले, चारही पाय फरशीवर टेकतात याची खात्री केली आणि खुर्ची रात्रभर तशीच ठेवली. सगळे मिळून काम अर्ध्या दिवसाचे. दुसऱ्या दिवशी खुर्ची दिसायला होती तशीच होती. फक्त ती हलत नव्हती.

हेच काम दोन मिनिटांतही होते. सुटलेल्या सांध्यात दोन इंची खिळा ठोकायचा. जुन्या बाजारातल्या निम्म्या खुर्च्यांची गत या खिळ्यांनी केलेली आहे. खिळ्याने कुसू चिरते, ओलाव्याने तो गंजतो, भोवतीचे लाकूड कुजवतो, आणि पुढच्या वेळी सांधा उघडायला गेलेल्या मिस्त्रीची पटाशी मोडतो. सुटलेली खुर्ची या खिळ्याने खरोखर मोडते.

पॉलिशचेही तसेच. जुने फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर तयार करतात तो शुद्ध करून त्याचा चपडा होतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, मलमलीत कापूस गुंडाळून बोळा करायचा, आणि किंचित तेलाच्या आधाराने तो गोल-गोल फिरवत पातळ थरांवर थर चढवत जायचे. या पॉलिशचे दोष कोणीही सांगेल. गरम चहाचा कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. पाणी सांडले तर डाग पडतो. त्याचा गुण मात्र फारसा कोणी सांगत नाही. लाख स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते, म्हणून नवा थर जुन्या थरात मिसळून जातो. तीस वर्षांनी पॉलिश उतरले तर ते खरवडून काढावे लागत नाही. वरची मळ पुसून नवा हात फिरवला की काम भागते. आजची मेलामाइन किंवा पीयू पॉलिशे चहाला दाद देत नाहीत हे खरे. पण त्यांना चर पडली किंवा पापुद्रा सुटला की जागच्या जागी सांधता येत नाही. सगळा पृष्ठभाग घासून लाकडापर्यंत जावे लागते, आणि प्रत्येक घासणीत थोडे लाकूड जाते. (ज्या घरात लहान मुले जेवणाच्या टेबलावरच अभ्यास करतात, त्या घराने टेबलाला खुशाल पीयू करावे. आमच्यापैकी एकाच्या घरी तेच आहे.)

वेताच्या बैठकीबद्दल एवढेच, की चौकटीला भोके पाडून, ओल्या वेताच्या पट्ट्या उभ्या-आडव्या-तिरप्या ओवून जी अष्टकोनी जाळी विणली जाते ती डोळ्यांपेक्षा बोटांची विद्या आहे. अंध विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या व्यवसायांत खुर्च्या विणणे वर्षानुवर्षे होते ते त्यामुळेच. आता यंत्रावर विणलेली तयार जाळी खोबणीत दाबून बसवतात, किंवा प्लास्टिकच्या तारेने काम भागवतात.

या सगळ्यात एक समान सूत्र आहे. सरस उघडता येतो, लाख विरघळवता येते, वेत कापून पुन्हा ओवता येतो. ज्याने ही खुर्ची केली त्याने ती कधीतरी उघडावी लागणार हे गृहीत धरले होते. पांढरा डिंक घराघरांत आला तेव्हापासून हे गृहीतक हळूहळू मावळले. १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आला, आणि सरस तापवण्याच्या वासापासून व कटकटीपासून सुतारांची सुटका झाली. त्यांनी तो आनंदाने स्वीकारला यात नवल नाही. त्याने जोडलेला सांधा बहुधा सुटत नाही. पण सुटलाच तर तो सहज स्वच्छ करताही येत नाही.

लाकडाच्या भुशापासून आणि चिपांपासून दाबून केलेल्या फळ्यांच्या सामानात तर सांधाच नसतो. ते स्क्रूने जुळवलेले असते. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा कसाबसा बसतो, तिसऱ्यांदा बसत नाही. फळीची कड उघडी पडून तिला पाणी लागले की ती फुगते, आणि फुगलेली फळी पूर्ववत होत नाही. आमच्या तरुण सहकाऱ्यांच्या दृष्टीने हा तपशील मोलाचा आहे. यांतले कित्येक जण तासिका तत्त्वावर शिकवतात. पगार महिन्याचा नसून तासांचा, तोही वेळेवर मिळेलच असा नाही. घर भाड्याचे, करार अकरा महिन्यांचा. दर एक-दोन वर्षांनी सामान टेम्पोत चढते आणि उतरते. नवे, चकचकीत, हप्त्यांवर घेतलेले कपाट दुसऱ्या स्थलांतरातच खिळखिळे होते आणि हप्ते मात्र चालू राहतात. अशा माणसाने जुना सागवानी टेबल घ्यावा, असे आम्ही सांगतो ते रसिकतेपोटी नव्हे. तो टेम्पोतून पाच वेळा पडला तरी टेबलच राहतो.

मात्र फळीच्या सामानाची हेटाळणी करण्यापूर्वी ते आपल्या घरात का आले हे पाहिले पाहिजे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जो आदेश दिला, त्याने मंजूर कार्ययोजनेशिवाय होणारी जंगलतोड थांबवली. ईशान्य भारतातल्या अनेक लाकूड-गिरण्या आणि प्लायवुडचे कारखाने त्याने बंद पडले, आणि शेतात लावलेल्या निलगिरी-पॉपलरवर चालणाऱ्या उद्योगाला बळ मिळाले. तो आदेश आवश्यक होता. आणि ज्या सागवानाचे आपण गोडवे गातो त्याचा इतिहासही सोज्वळ नाही. 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही कंपनी १८६३ साली मुंबईत स्थापन झाली. ब्रह्मदेशच्या जंगलातून तिने नेलेल्या सागवानाच्या मोजणीवरून आणि दंडावरून तिचा तिथल्या दरबाराशी तंटा झाला, तो १८८५ च्या युद्धाचे निमित्त ठरला, आणि ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा कैदी म्हणून रत्नागिरीला आला. १९१६ साली तो तिथेच वारला. त्याच्या मुलखातले लाकूड मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत आणि तो स्वतः रत्नागिरीच्या टेकडीवर, असा हा योग. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून सागाच्या न कापलेल्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. म्हणजे आज आपल्यासमोर उभे असलेले जुने सागवानी टेबल हे आधीच तोडले गेलेले, आणि कदाचित अन्यायाने तोडले गेलेले झाड आहे. ते आणखी पन्नास वर्षे वापरणे हाच त्यातल्या त्यात बरा व्यवहार.

आता 'स्वस्त' या शब्दाकडे वळू. कायापालटाच्या जमाखर्चात रंगाचा डबा, ब्रश, मुठी, पॉलिश पेपर यांचे पैसे धरलेले असतात. कष्ट मात्र फुकट धरलेले असतात, मग ते स्वतःच्या रविवारचे असोत वा मिस्त्रीच्या घासाघीस करून कमी केलेल्या मजुरीचे. जुन्या बाजारात आम्ही एक दृश्य पुन्हापुन्हा पाहतो. गिऱ्हाईक वस्तूची किंमत विक्रेता सांगेल ती थोड्याफार कमी-जास्तीने देते, आणि मग दुरुस्तीच्या मजुरीवर अर्धा तास हुज्जत घालते. आमचा क्रम उलटा आहे. वस्तूवर हवी तेवढी घासाघीस करावी. मजुरी ठरवताना काम किती तासांचे आहे ते विचारावे आणि त्या माणसाच्या दिवसाचा मोबदला द्यावा. तो देऊनही चांगली जुनी खुर्ची त्याच टिकाऊपणाच्या नव्या खुर्चीहून पुष्कळ कमी पैशांत पडते. न पडली तर ती खुर्ची घेऊ नये.

घेताना काय पाहावे, हे नवख्यांसाठी सांगतो. खुर्ची हलवून पाहावी. सांधा सुटलेला असेल तर हरकत नाही. पाय खाचेच्या जागी आडवा तडकला असेल तर सोडून द्यावी. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याच्या तळाकडे आणि पाठीकडे पाहावे, कारण तिथे पॉलिश नसते आणि लाकूड खोटे बोलत नाही. 'बर्मा टीक' हा बाजारात रंगाला दिलेला शब्द आहे. कोणत्याही लाकडाला तो रंग चढवता येतो. कोपऱ्यातले जोड पारव्याच्या शेपटीसारखे एकमेकांत गुंतवलेले असतील तर करणारा जाणता होता असे समजावे. सामानाखाली ताजा, मैद्यासारखा भुसा पडलेला दिसला तर आत कीड जिवंत आहे. सागाच्या गाभ्यातल्या लाकडाला सहसा वाळवी लागत नाही. त्याच झाडाच्या बाहेरच्या फिकट भागाला मात्र लागते, म्हणून 'सागवान आहे, काही होत नाही' या आश्वासनावर विसंबू नये. गाद्या, फोमच्या बैठका आणि कापडाने मढवलेले कोच जुने घेऊच नयेत. ढेकूण हा फार चिवट वारसा आहे. आणि एक गोष्ट जरा गांभीर्याने. ऑइलपेंट दिलेले जुने सामान कोरडे घासू नये. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे भरपूर असू शकते. असा रंग घासल्यावर उडणारी धूळ लहान मुलांच्या पोटात जाणे हे वाईटच. ओले करून घासावे, घराबाहेर घासावे, तोंड-नाक नीट झाकावे, आणि घरात गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर ते काम अंगणातही करू नये.

घराच्या उरलेल्या साजशृंगाराविषयी आम्हांला फारसे सांगायचे नाही. आपल्याकडे दरवर्षी गणपतीआधी किंवा दिवाळीआधी भिंतींना चुना लागे, त्यात किंचित नीळ टाकली जाई, आणि घर तेवढ्याने नवे होई. आजही भिंतींना एक हात रंग, दिव्याची बदललेली जागा आणि सामानाची फिरवाफिरव यांनी जे साधते ते पुष्कळ आहे, आणि शेवटच्या गोष्टीला तर पैसेही पडत नाहीत. धोका वेगळाच आहे. अठराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत दिदरो याने आपल्या जुन्या झग्याच्या वियोगावर एक निबंध लिहिला आहे. झोकदार नवा झगा अंगावर आला, आणि त्याच्या तोऱ्यापुढे खोलीतली जुनी गवती खुर्ची, जुना टेबल, भिंतीवरची चित्रे सगळेच केविलवाणे दिसू लागले; एकेक करून सगळे बदलावे लागले. कायापालटाची सुरुवात नेहमी एका स्वस्त वस्तूने होते. डागडुजीला हा रोग नाही. घट्ट झालेली खुर्ची शेजारच्या टेबलाला लाजवत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कपाट ज्याचे त्याचे. त्याने ते मोरपंखी रंगवले तर आमचे काय गेले? इंग्लंडमध्ये रस्किनने १८४९ साली इमारतींच्या पुनर्रचनेला विध्वंस ठरवले. १८७७ साली विल्यम मॉरिसने जुन्या इमारती राखण्यासाठी संस्था काढली. तिचा आग्रह होता की इमारतीची नित्य काळजी घ्या, डागडुजी करा, पण तिला कल्पनेतल्या जुन्या रूपात परत नेऊ नका. पण खुर्ची म्हणजे चर्च नव्हे. ती बसण्यासाठी आहे, आणि बसणाऱ्याच्या आवडीला तिच्यावर अधिकार आहे. म्हणून आम्ही रेघ जरा अलीकडे ओढतो. फळीच्या कपाटाला, खोक्यांच्या देवदारी लाकडाच्या मांडणीला, लोखंडी खाटेला हवा तो रंग द्यावा. त्यांचे त्यात भलेच होते. पण सागवान-शिसवीचा पृष्ठभाग घासून, रंध्रांत लांबी भरून त्यावर जाड रंग चढवला, तर तो परत काढण्याचा खर्च पुढच्या माणसाच्या माथी मारला जातो. आणि जुने दिसावे म्हणून नव्या रंगाच्या कडा पॉलिश पेपरने मुद्दाम झिजवण्याची जी तऱ्हा आहे, तिच्याबद्दल आम्हांला हसू येते. झीज वापराने येऊ द्यावी. तिला घाई नसते.

आता अधिक अवघड प्रश्न. जुने राखा, हे सांगण्याचा अधिकार कोणाला? जुन्या बाजारात एकाच टपरीसमोर दोन प्रकारची गिऱ्हाइके उभी असतात. एकाला 'व्हिंटेज' हवे असते. दुसरे जोडपे परवाच गावाकडून आलेले असते. त्याला लोखंडी खाट, पत्र्याची ट्रंक आणि चालणारा पंखा हवा असतो, जुना हवा म्हणून नव्हे तर नवा परवडत नाही म्हणून. पहिल्या गिऱ्हाइकाची हौस वाढली की दुसऱ्याच्या वाट्याचे लाकडी सामान महाग होते. शिवाय ज्या वाड्यांतून हे सामान बाहेर आले ते वाडे सर्वांचे नव्हते. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे गेले, उरलेल्यांपैकी बरेच पुढे इमारतींसाठी पाडले गेले, आणि त्यांच्या तुळया, दारे, देव्हारे, झोपाळे बाजारात आले. त्या झोपाळ्यावर बसण्याची मुभा कोणाला होती आणि अंगणात कोणाला उभे राहावे लागे, हे आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेले आहे. गावात वरच्या जातीच्या माणसासमोर बाजेवर बसणे हा अपराध मानला जाण्याचा काळ फार दूरचा नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लाकडी सामान नव्हतेच, त्या घरात आलेले पहिले लोखंडी कपाट किंवा प्लास्टिकच्या चार खुर्च्या यांना जे मोल आहे ते आम्ही सागवानाच्या कौतुकात विसरणार नाही. 'जुने ते सोने' हे ज्यांच्याकडे जुने होते त्यांनी म्हणून ठेवलेले आहे.

उलट बाजूने, जुने बाळगून असणे म्हणजे ते राखणे नव्हे. महेश एलकुंचवारांच्या १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या 'वाडा चिरेबंदी'त देशपांड्यांच्या अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलेला आहे; तो चालत नाही, आणि हलवलाही जात नाही. अशी माळ्यावरची अडगळ जपणारी घरे आम्ही पाहिली आहेत, आणि तडकलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीला तापवलेल्या सुईने भोके पाडून तारेने टाके घालणारी घरेही पाहिली आहेत. डागडुजी दुसऱ्या घरात आहे. जी खुर्ची करणाऱ्याने दुरुस्तीचा विचारही केला नव्हता, तीसुद्धा ते लोक दोन वर्षे पुढे रेटतात. आमचा पक्ष त्यांचा आहे, आणि सागवानाची बाजू आम्ही घेतो ती त्या पक्षाचा एक भाग म्हणून.

आमच्या महाविद्यालयातले उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी मूल्यांकन समिती येणार म्हणून ग्रंथालयाचा कायापालट झाला. सागवानी लांब टेबले आणि वेताच्या खुर्च्या जडसंग्रह नोंदवहीतून निर्लेखित करण्यात आल्या. कारणाच्या रकान्यात 'जीर्ण व निरुपयोगी' असे एकसारखे लिहिले गेले, आणि निविदा मागवून सगळा माल भंगाराच्या भावाने एका व्यापाऱ्याला दिला गेला. त्यांच्या जागी लॅमिनेट लावलेल्या फळ्यांची टेबले आली. छायाचित्रे उत्तम आली, समितीही प्रसन्न झाली. पहिल्याच पावसाळ्यात खिडकीलगतच्या टेबलांच्या कडा फुगल्या; त्यांवर वही सपाट ठेवता येत नाही म्हणून मुले भिंतीकडची जागा धरू लागली. ज्या खुर्च्या 'निरुपयोगी' ठरल्या, त्यांतली बहुसंख्य मिस्त्रींच्या भाषेत फक्त सुटलेली होती. नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही. उपयुक्त किंवा निरुपयोगी, एवढ्या दोनच अवस्था तिला ठाऊक आहेत. नव्या खरेदीसाठी अनुदान मिळते आणि दुरुस्तीसाठी तुटपुंजी किरकोळ तरतूद.

अकरा खुर्च्या मात्र तेव्हा भांडारगृहाच्या मागच्या खोलीत राहून गेल्या होत्या आणि यंदा त्यांची पाळी आली. निर्लेखन समितीवर या वेळी आमच्यापैकी एक आहे. आम्ही मिस्त्रींना बोलावून प्रत्येक खुर्ची दाखवली. त्यांनी नऊ दुरुस्त होण्याजोग्या ठरवल्या, दोन मोडलेल्या. त्या दोघींचे लाकूड बाकीच्यांच्या चिपांना आणि खुंट्यांना वापरता येईल असे ते म्हणाले. त्यांनी दिलेला अंदाज मजुरी, वेत आणि लाख यांचा वेगवेगळा आहे. मजुरीच्या आकड्यात आम्ही खाडाखोड होऊ दिलेली नाही. तो कागद अर्जाला जोडून प्राचार्यांच्या कार्यालयात दिला आहे, आणि नोंदवहीत 'दुरुस्तीयोग्य' असा तिसरा रकाना आखावा अशी विनंतीही त्यात आहे. लेखापाल म्हणाले, की नवा रकाना आखायचा तर ठराव लागेल. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो नवव्या क्रमांकावर आहे.